विश्वासू भाडेकरू कसा निवडावा? घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर भाड्याने द्यायचं ठरलं की सगळ्यात जड जाणारा निर्णय एकच असतो: किल्ली कोणाच्या हाती द्यायची? गेली बरीच वर्षं मी माझी दोन घरं भाड्याने देतो आहे आणि ओळखीतले घरमालक तेच ते प्रश्न घेऊन येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मला आलेल्या अनुभवाचं सार आधीच सांगतो. चेहऱ्यावरून माणूस ओळखायच्या भरीला पडू नका. त्याने सांगितलेली माहिती त्याच्याखेरीज दुसऱ्या ठिकाणाहून खरी करून घ्या. भाड्याचे कायदे देशोदेशी, कधी राज्याराज्यांत वेगळे असतात, म्हणून जिथे कायद्याचा मुद्दा येईल तिथे आपल्याकडचा नियम वकिलाला विचारूनच पुढे जा.

पारख नेमकी कुठून सुरू करायची?

जाहिरात देण्याच्या आधीपासून. एका कागदावर आपल्या अटी लिहून काढा. उत्पन्न किमान किती हवं, घरात जास्तीत जास्त किती जण राहू शकतील, किमान किती महिन्यांचा करार, पाळीव प्राणी चालतील का, धूम्रपान चालेल का, कोणकोणती कागदपत्रं लागतील. या कागदावर तारीख घाला आणि येणाऱ्या प्रत्येकाला हीच फूटपट्टी लावा.

हे लिहायला अर्धा तास लागतो, पण समोर बोलका, नीटनेटका माणूस बसलेला असताना आपण मनातल्या मनात अटी सैल करत जातो, ते यामुळे थांबतं. शिवाय उद्या कोणी "मला का नाकारलंत?" असं विचारलं तर दाखवायला हाच कागद असतो.

जाहिरातीत किती सांगावं?

भाडं, अनामत, घर कधीपासून मिळेल, मुख्य अटी आणि उत्पन्नाची व आधीच्या घराची चौकशी केली जाईल हे वाक्य. या शेवटच्या वाक्याने काही लोक फोनच करत नाहीत. ते तुमच्या फायद्याचंच आहे.

पहिल्या फोनवर काय विचारायचं?

घर कधी हवं आहे, कोण कोण राहणार, आता कुठे राहता आणि ते घर का सोडता, काम काय करता. एवढं पुरे. प्रश्न असे विचारा की उत्तर हो-नाहीत संपणार नाही. "आधीच्या घरी काही अडचण नव्हती ना?" असं विचारलं की कोणीही "नाही" म्हणेल. "आधीचं घर सोडायचं कारण काय?" म्हटलं की माणसाला काहीतरी सांगावं लागतं. ते सांगणं लिहून ठेवा, कारण पुढे हेच कागदांशी ताडून पाहायचं आहे.

आधीच्या मालकाला शिव्या देणारा प्रत्येक जण वाईट नसतो. गळकं छत वर्षभर दुरुस्त न करणारे मालकही असतात. पण मागच्या तीनही घरांचे मालक नालायक होते असं कोणी सांगत असेल, तर त्या तिघांपैकी निदान दोघांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उत्पन्न किती असलं म्हणजे पुरेसं?

जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा की भाडं महिन्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं. अमेरिकेत बरेच मालक मासिक भाड्याच्या ३ पट मासिक उत्पन्न मागतात. न्यूयॉर्कमध्ये वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट असावं असा रिवाज आहे. ब्रिटनमध्ये चौकशी करणाऱ्या संस्था सहसा ३० पट धरतात, म्हणजे मासिक हिशेबात अडीच पट. यावरूनच लक्षात येतं की हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

माझ्या मते पटीपेक्षा हातात उरणारी रक्कम महत्त्वाची. तिप्पट कमावणाऱ्याच्या डोक्यावर गाडीच्या आणि दोन वैयक्तिक कर्जांचे हप्ते असले तर पंचविसाव्या तारखेला त्याच्याकडे काही शिल्लक नसतं. अडीचपट कमावणारा कर्जमुक्त माणूस मात्र आरामात भाडं भरतो. म्हणून उत्पन्नातून सगळे हप्ते वजा करा आणि मग उरलेल्या रकमेत भाडं आणि घरखर्च बसतो का ते पाहा.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना पगारपत्रक नसतं. त्यांच्याकडून गेल्या दोन वर्षांची करविवरणपत्रं आणि निदान सहा महिन्यांचं, जमल्यास वर्षाचं बँक स्टेटमेंट घ्या. हंगामी धंद्यात एखाद्या महिन्यात भरपूर जमा आणि पुढचे दोन महिने कोरडे असतात, तेव्हा सरासरी काढूनच ठरवा. निवृत्तिवेतन, व्याज, शिष्यवृत्ती हीसुद्धा उत्पन्नंच आहेत. नोकरी नाही एवढ्यावरून कोणाला परत पाठवू नका.

कागदपत्रं खरी आहेत हे कसं कळणार?

इथे वेळ घालवा. खोटं पगारपत्रक बनवणं आता फार सोपं झालं आहे, आणि नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. ओळखू येतं ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर.

पगारपत्रकातली हातात येणारी रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये त्याच आकड्याने आणि दर महिन्याला साधारण त्याच तारखांना जमा झालेली दिसली पाहिजे. पैसे पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचंच हवं. पत्रकावर वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम छापलेली असेल तर गुणाकार करून पाहा. पाचव्या महिन्याच्या पत्रकावर ती मासिक पगाराच्या साधारण पाच पट असायला हवी, मध्ये पगारवाढ किंवा बोनस झाला असेल तर थोडा फरक. भलामोठा पगार आणि कर कपात शून्य, हेही विचारण्यासारखं आहे.

बँक स्टेटमेंटमध्ये मागची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च आणि पुढची शिल्लक अशी साखळी असते. खोटेपणा करणारा बहुतेक वेळा एखादी जमा नोंद वाढवतो आणि खालच्या शिलकी तशाच ठेवतो. कुठल्याही चार-पाच ओळी निवडून बेरीज-वजाबाकी करा. शक्य असेल तर अर्जदाराला त्याच्याच फोनवर बँकेचं ॲप उघडून शेवटच्या दोन पगारांच्या नोंदी दाखवायची विनंती करा. पासवर्ड किंवा ओटीपी विचारायचा नाही आणि फोनही हातात घ्यायचा नाही, फक्त त्याने दाखवलेलं पाहायचं. खरा माणूस याला सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर शिक्का मारलेलं स्टेटमेंट बँकेतून आणून द्यायची तयारी दाखवतो.

नोकरीची खात्री करताना अर्जात दिलेल्या नंबरावर फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधा, तिथून मनुष्यबळ विभागाकडे जा आणि तीनच गोष्टी विचारा: हा माणूस तिथे काम करतो का, कधीपासून, कायम की कंत्राटी. मोठ्या कंपन्या फोनवर काही सांगत नाहीत, कर्मचाऱ्याची लेखी संमती मागतात. ती संमती अर्जाबरोबरच घेऊन ठेवली की काम अडत नाही.

ओळखपत्राची प्रत पुरेशी नाही, मूळ कार्ड डोळ्यांनी पाहा. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं.

आधीच्या घरमालकाशी बोलणं खरंच गरजेचं आहे का?

मला विचाराल तर सगळ्यात गरजेचं तेच. पगार सांगतो की माणूस भाडं भरू शकतो. तो भरतो का, हे फक्त आधीचा मालक सांगू शकतो.

माझी स्वतःची चूक याच टप्प्यावर झाली होती. एक सुशिक्षित, अतिशय मृदू बोलणारं जोडपं आलं होतं. पगारपत्रक दाखवलं, आधीच्या मालकाचा नंबर दिला. मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी इतकं कौतुक केलं की मी त्याच संध्याकाळी होकार दिला. दोन महिने भाडं आलं, तिसऱ्यापासून बंद. घर परत मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. नंतर कळलं की ते "आधीचे मालक" त्या नवऱ्याचे मित्र होते आणि त्यांच्या नावावर घरच नव्हतं. त्या फोनवर मी काय बोललो होतो ते मला अजून आठवतं: "ते तुमच्याकडे दोन वर्षं राहिले ना? भाडं वेळेवर देत होते ना?" सगळी उत्तरं मीच पुरवली होती. त्यांना फक्त "हो" म्हणायचं होतं.

तेव्हापासून मी एकही उत्तर पुरवत नाही. ते कधी राहायला आले, कधी गेले, भाडं किती होतं, घर कितव्या मजल्यावर आणि किती खोल्यांचं, हे समोरच्याला सांगू देतो आणि अर्जाशी ताडून पाहतो. मित्राला हे तपशील पाठ नसतात. घर खरोखर त्याच्या नावावर आहे का हे मालमत्ता कराच्या पावतीवरून किंवा, जिथे जमिनीच्या नोंदी लोकांना पाहता येतात तिथे, त्या नोंदींवरून कळतं.

मग मुद्द्याचे प्रश्न. भाडं कोणत्या तारखेला यायचं? किती वेळा उशीर झाला? उशीर होणार असेल तर ते आधी कळवायचे की तुम्हाला फोन करावा लागायचा? शेजाऱ्यांची तक्रार आली होती का? अनामतीतून काही कापावं लागलं का? नोटीस नीट देऊन निघाले का? आणि शेवटी: पुन्हा घर द्याल का? या शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. खरं उत्तर त्या शांततेतून येतं.

आणखी एक काळजी. सध्याच्या मालकाला हा भाडेकरू लवकर घालवायचा असेल, तर तो गोड बोलूनच तुमच्या गळ्यात बांधेल. त्याच्या आधीच्या मालकाला मात्र त्यात काही मिळवायचं नसतं. म्हणून मी नेहमी दोन घरं मागे जातो.

पहिल्यांदाच भाड्याने घर घेणाऱ्याचं काय?

आधीचा मालक नाही, म्हणून चौकशीच नाही, असं होऊ देऊ नका. वसतिगृहाचे व्यवस्थापक, नोकरीतले वरिष्ठ, शिकत असेल तर संस्था, यांच्याशी बोलता येतं. उत्पन्न कमी पडत असेल तर जामीनदार घ्या, पण मग जामीनदाराचंही उत्पन्न आणि ओळख तितक्याच बारकाईने तपासा. जामीन लेखी हवा आणि त्यात तो भाड्यापुरता आहे की नुकसानीचाही, किती रकमेपर्यंत, किती काळासाठी, हे स्पष्ट हवं.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि हप्ते कसे फेडले त्याचा अहवाल, मागावा का?

जिथे अशी सोय आहे तिथे जरूर, पण अर्जदाराची लेखी संमती घेऊनच. नुसता स्कोअर पाहून थांबू नका, आतला तपशील वाचा. चार वर्षांपूर्वीच्या आजारपणात थकलेलं कर्ज आता फिटलेलं असणं वेगळं, आणि गेल्या सहा महिन्यांत सगळीकडे हप्ते चुकणं वेगळं. तरुण मुलांचा किंवा परदेशातून नुकत्याच आलेल्यांचा रिपोर्ट कोरा असतो. कोरा म्हणजे वाईट नव्हे.

अमेरिकेत १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार अशा अहवालाच्या आधारे घर नाकारलं तर तसं अर्जदाराला कळवावं लागतं आणि अहवाल कोणत्या संस्थेने दिला तेही सांगावं लागतं. तसा कायदा आपल्याकडे असो वा नसो, ही पद्धत उचलण्यासारखी आहे. अहवालात चूक असेल तर त्या माणसाला ती दुरुस्त करून घेता येते.

कोणत्या कारणावरून नाही म्हणता येत नाही?

धर्म, जात, वंश, वर्ण, लिंग, अपंगत्व यावरून घर नाकारणं अन्याय आहे, आणि अनेक देशांत तो कायद्याने गुन्हा किंवा दंडनीय आहे. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यावरून भेदभाव करायला बंदी केली. १९७४ मध्ये त्यात लिंगाची भर पडली आणि १९८८ मध्ये अपंगत्व व लहान मुलं असलेल्या कुटुंबांची. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे मनापासून सांगायचं आहे. आडनाव ऐकून फोन ठेवणारा मालक पारख करत नसतो, तो पारख टाळत असतो. आडनावावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही, बँक स्टेटमेंटवरून कळतं. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला "रात्री किती वाजता येता, कोण भेटायला येतं" असे प्रश्न विचारणारे मालक मी पाहिले आहेत. तिच्याकडचे वर्षानुवर्षांच्या भाडेपावत्यांचे गठ्ठे पाहायची त्यांची तयारी नसते. अशाने उत्तम भाडेकरू हातचे जातात आणि एका माणसाला उगाच दारोदार फिरावं लागतं. तुमच्या लेखी अटींत जे नाही, ते विचारू नका.

पोलीस पडताळणी किंवा गुन्ह्यांची नोंद?

जिथे कायद्याने बंधनकारक आहे तिथे किल्ली देण्याआधी करा, नंतर नव्हे. नोंद सापडली तर तक्रार, अटक आणि दोषसिद्धी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. संशयित असणं म्हणजे दोषी असणं नाही.

घर दाखवताना काय पाहावं?

ठरल्या वेळी आले का, येता येत नसेल तर कळवलं का. आणि ते काय विचारतात. पाण्याचा दाब, दुरुस्तीसाठी कोणाला सांगायचं, करार किती महिन्यांचा, असे प्रश्न विचारणारा माणूस तिथे राहण्याचा विचार करतो आहे. कपडे, गाडी, बोलण्याची ढब यावरून काही ठरवू नका.

सहा महिन्यांचं भाडं एकदम देतो म्हणाला, लगेच किल्ली हवी म्हणाला, तर?

थांबा. यामागे साधं कारण असू शकतं: परदेशातून आलेल्या माणसाकडे बचत असते, स्थानिक कागद नसतात. पण एकगठ्ठा रोख देऊन चौकशी टाळणं ही फसवणाऱ्यांचीही नेहमीची रीत आहे. असे लोक घर घेऊन दुसऱ्यालाच पोटभाड्याने देतात किंवा तिथे बेकायदा धंदा चालवतात. घर न पाहताच होकार देणारा, फक्त फोनवरच भेटणारा, भलत्याच माणसाच्या खात्यातून पैसे पाठवणारा, अशांच्या बाबतीत एकही पायरी वगळू नका. बऱ्याच ठिकाणी आगाऊ भाडं किती घेता येतं यावरही मर्यादा असते.

मोठी अनामत घेतली तर पारख कमी केली चालेल?

नाही. भाडं थकून प्रकरण न्यायालयात गेलं की महिने सरत जातात आणि अनामत त्यात कधीच संपते. शिवाय अनामतीवर कायद्याची मर्यादा असू शकते. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानुसार वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर ५ आठवड्यांच्या भाड्याएवढीच अनामत घेता येते. भारतातल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी २ महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, मात्र तो राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो.

एजंटावर सोपवलं तर?

एजंटाला मोबदला घर लागल्यावर मिळतो, भाडं वेळेवर आल्यावर नाही. तो प्रामाणिक असला तरी आधीच्या मालकाला फोन तुम्हीच करा.

ओळखीतला माणूस असेल तर इतके कागद मागणं बरं दिसतं का?

सुरुवातीला अवघड वाटतं. "सगळ्यांकडून घेतो, तुमच्याकडूनही घेतो," एवढं म्हटलं की पुरतं. भाचा असो की मित्राचा मेहुणा, लेखी करार हवाच. नात्यातले बिनकागदी व्यवहार बिघडले की घरही अडकतं आणि नातंही.

दोन-तीन अर्ज सारखेच चांगले आले तर कोणाला द्यावं?

ज्याचा अर्ज सर्व कागदांसह आधी पूर्ण झाला त्याला. तारीख-वेळ नोंदवून ठेवा. भाड्याची बोली लावू नका. ऐपतीच्या वर बोली लावून घर घेणाराच सहाव्या महिन्यात अडखळतो.

घर महिनाभर रिकामं राहतंय, आता निकष सैल करू का?

एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग, ८ टक्क्यांहून थोडा जास्त. चार महिने भाडं थकवून, वकिलाचा खर्च लावून, भिंती रंगवायला लावून जाणारा भाडेकरू यापेक्षा कितीतरी महाग पडतो. महिनाभर योग्य अर्जच आला नाही तर भाडं बाजाराच्या वर आहे का, फोटो अंधारे आहेत का, घराला रंग हवा आहे का, हे पाहा. भाडं थोडं खाली आणणं परवडतं, चौकशी खाली आणणं नाही.

नकार कसा कळवायचा, आणि त्यांच्या कागदांचं काय करायचं?

लवकर आणि दोन ओळींत: घर दुसऱ्यांना दिलं, किंवा अमुक अट पूर्ण होत नाही. लोक उत्तराची वाट पाहत दुसरी घरं सोडत असतात. नाकारलेल्यांच्या ओळखपत्रांच्या आणि स्टेटमेंटच्या प्रती फोनमधून, मेलमधून पुसून टाका, कागदी असतील तर फाडा. तुमच्याकडे काही काळ नोंद ठेवायचा नियम असेल तर तेवढा काळ सुरक्षित ठेवून मग नष्ट करा. ते कागद व्हॉट्सॲपवर कोणालाही पुढे पाठवू नका.

सगळं तपासूनही पुढे भाडं चुकलं तर?

ठरलेल्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांत फोन करा आणि बोलणं झाल्यावर तेच लिहून पाठवा. पहिल्या वेळी गप्प राहिलेला मालक दुसऱ्या वेळीही गप्प राहील, असंच समोरचा धरून चालतो. काय झालं ते ऐकून घ्या, आणि सवलत देणार असाल तर रकमेसह, तारखांसह लिहा.

माझ्याकडे सध्या राहणाऱ्या कुटुंबाची निवड करताना आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "दोनदा उशीर झाला, पण दोन्ही वेळा त्यांनीच आधी सांगितलं." मी त्या एका वाक्यावर बराच भर दिला. पुढे त्या गृहस्थांची नोकरी गेली. भाडं १ तारखेला द्यायचं होतं, त्यांचा फोन २५ तारखेलाच आला. दोन महिने अर्धं भाडं आणि राहिलेलं पुढच्या चार महिन्यांत, असं आम्ही कागदावर मांडून दोघांनी सही केली. शेवटचा हप्ता ठरल्या दिवशी जमा झाला.